वर थांबलेला धोंडा

मंगळवार, ४ मार्च

आज माझी शिडी गेली. राज्यं गेली, राजधान्या गेल्या, त्यांच्या नोंदी ठेवायला पदरी माणसं होती. माझ्या शिडीची नोंद मलाच करावी लागते आहे. ना अर्ज, ना निरोप. कार्यालयाला रंग द्यायचा म्हणून रंगाऱ्यांनी सकाळी उचलली आणि "दोन दिवसांत देतो" म्हणाले. रंगाऱ्याचे दोन दिवस किती तासांचे असतात, ते ज्याच्या घरी रंगकाम झालं आहे त्याला विचारावं.

शेवटी सफाईवाल्या मावशींचं स्टूल मागून आणलं. त्याला पाय चार आणि खालचे रबरी बूट तीन. चौथा पाय अनवाणी, त्यामुळे वर उभं राहिलं की माणूस आपोआप नम्र होतो. मी त्या पायाखाली जुन्या तिकिटांची घडी सारली. मावशी म्हणाल्या, "दादा, संध्याकाळी द्याल ना? वरच्या काचा पुसायच्यात." म्हटलं, देतो की.

मावशी माझ्याहून दोन वर्षांनी लहान आहेत. पण बाईच्या हातात फडकं आलं की तिचं वय कोणी विचारत नाही, ती मावशी होते.

स्टूल लागलं, कारण धोंडा अडकला होता. माझ्यामागे ही वही कोणाच्या हाती पडली तर त्याचा गोंधळ नको, म्हणून लिहून ठेवतो. आमच्या संग्रहालयाच्या तळमजल्यावर, शेवटच्या दालनात, ग्रीक पुराणांतलं पाताळ आहे आणि ते चालू ठेवणं ही माझी नोकरी. मोटारी, साखळ्या आणि पंपांवर हलणारे माणसाएवढे पुतळे. टँटलस गळ्याइतक्या पाण्यात उभा; प्यायला वाकला की पाणी खाली जातं. पन्नास बहिणींपैकी चौघी (बाकीच्यांना जागा पुरली नाही) भोकं पडलेल्या रांजणात पाणी ओतत असतात. एक म्हातारा दोर वळतो आणि मागे बसलेलं गाढव तो खात जातं. आणि मधोमध सिसिफस राजा. धोंडा ढकलत टेकडीवर नेतो. माथ्यावर धोंडा सुटतो, गडगडत येऊन खालच्या खटक्यावर आपटतो, मग राजा मागोमाग उतरतो आणि पुन्हा ढकलायला लागतो. दीड मिनिटाला एक फेरी.

आज दहाला दालन उघडलं तर धोंडा माथ्यावर, शांत. खटका वाजलाच नाही म्हणून राजाही वरच, हात पुढे करून, पाहुण्यांना "बसा ना" म्हणावं तसा. मी डुगडुगत्या स्टुलावर चढलो आणि धोंड्याला धक्का दिला. तो गेला. म्हणजे आज राजाला शिक्षा देवांनी नव्हे, मी दिली.

बुधवार, ५ मार्च

धोंडा पुन्हा वर. साखळीला तेल दिलं, खाचेत बोट फिरवलं, काही सापडलं नाही.

आमच्या गाइडबाईंना मी मनात पाठांतर म्हणतो. दिवसाला सहा गट, तीच वाक्यं, त्याच विनोदापाशी तोच थांबा. कोणी हसलं नाही तर त्या स्वतः हसून पुढे सरकतात. आज पहिल्या गटापुढे त्या म्हणाल्या, "आणि बघा, धोंडा खाली..." धोंडा हलला नाही. मी धावत पोचेपर्यंत पाच मिनिटं गेली.

"मला काय बोलावं तेच सुचेना हो," नंतर मला म्हणाल्या. "मग मीच लोकांना विचारलं, याला काय झालं असेल? तर एक आजोबा म्हणाले, गुडघे गेले असतील."

"मग?"

"मग काय. अकरा वर्षांत पहिल्यांदा मला पुढचं वाक्य माहीत नव्हतं."

तक्रार करत होत्या की काय, चेहऱ्यावरून कळेना.

शुक्रवार, ७ मार्च

चार दिवसांत तिसऱ्यांदा. मात्र आज धक्का दिल्यावर धोंड्याखालून काहीतरी उडालं आणि रांजणात पडलं. बाहेर काढलं: रबराचा अर्धगोल तुकडा, चेपलेला, प्लास्टरने पांढरा पडलेला. माझ्या कुठल्याही यंत्रात असलं रबर नाही. म्हणजे हा बिघाड नाही, हे कारस्थान आहे.

ताबडतोब लेखी तक्रार केली. भाषा साधली आहे. "कोणा अज्ञात समाजकंटकाने राजाच्या वाटेत रबर घालून हजारो वर्षांच्या परंपरेस खीळ घातली असून, त्याजवर कठोरातील कठोर कारवाई व्हावी." दोनदा वाचून पाहिली.

साहेबांनी लगेच बोलावलं. "अठराला समिती येतेय," म्हणाले. "पुतळे ठेवायचे, की काढून तिथे मोठा पडदा लावायचा, ते त्या दिवशी ठरेल. धोंडा अडलेला दिसला की पडदा आलाच. आणि तुम्ही तळघरात, भांडार सांभाळायला."

"आणि हे करणारा?"

"पंधरापर्यंत मला नाव द्या. त्याच दिवशी घरी पाठवतो. तुम्हीच लिहिलंय ना, कठोरातील कठोर."

माझं वाक्य साहेबांना तोंडपाठ झालं, हे ऐकून बरं वाटलं. परत येताना मावशी दिसल्या. बादली पालथी घालून, तिच्यावर एका पायाच्या चवड्यावर उभ्या राहून वरची काच पुसत होत्या. मी म्हटलं, "मावशी, सर्कशीत जाणार वाटतं." त्या हसल्या. स्टूल माझ्याकडेच आहे. उद्या देतो.

शनिवार, ८ मार्च

शनिवारी दालन बंद झालं की धोंड्याला प्लास्टर चढवायचं. आतून तारेचा सांगाडा, वरून प्लास्टर. दर आपटीला थोडं झडतं. आठवड्याला पाव किलो जातं. सहा वर्षं चढवतो आहे, आज गुणाकार केला: अठ्ठ्याहत्तर किलो. म्हणजे मी आजवर एक अख्खा धोंडा घडवला आणि तो कुठेतरी गेला. कुठे गेला असेल? प्रश्न मोठा मजेदार आहे, सवडीने विचार करायला हवा.

घरी येऊन बायकोला म्हटलं, खरा सिसिफस म्हणजे मीच. ही ओटा पुसत होती.

"अहो, तुमच्या राजाला बघायला लोक तिकीट काढून येतात," म्हणाली. "ओट्याला कोण येतं?"

हिला पुराणकथांची गोडी नाही. मग मी स्वतःचा चहा स्वतः केला. थोडा सांडला. तिने तोही पुसला.

रविवार, ९ मार्च

सकाळी धोंडा वरच होता. आज मात्र लगेच ढकलला नाही. एरवी लोक राजासमोर किती वेळ थांबतात, हे मी मागे कधीतरी घड्याळ लावून पाहिलं होतं: चाळीस सेकंद. फेरी दीड मिनिटाची असूनही. वर जाणार आणि पडणार हे ठाऊक असल्यावर उरलेलं कोण बघतो?

आज अर्धा तास खांबाला टेकून मोजलं. एक जोडपं अकरा मिनिटं उभं. त्यांच्यामागे आणखी नऊजण.

"आता पडेल बघ."

"नाही पडत. टेकलाय."

"अगं, पडलाच पाहिजे. गोष्टच तशी आहे."

भाजीची पिशवी खांद्याला लावलेल्या एक बाई पुढे सरकल्या. मग आपला मुलगा चौथ्या खेपेला पास झाला असावा तशा स्वरात म्हणाल्या, "जमलं हो शेवटी त्याला." आणि तिथेच थांबल्या.

मला हे फार चमत्कारिक वाटलं. जे चालतं ते कोणी बघत नाही, अडलेलं बघायला गर्दी. अर्ध्या तासाने ढकलला तेव्हा सगळे माझ्याकडे मी त्यांच्या घरचा दिवा फोडल्यासारखे बघत होते. खालून रबराचा दुसरा तुकडा निघाला, पहिल्याचा जुळा.

मंगळवार, ११ मार्च

समाजकंटकाला रंगेहाथ पकडायला सकाळी सातला गेलो आणि गाढवामागे उभा राहिलो. गाढवामागे माणूस आहे हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

पहारेकऱ्याने मुख्य खटका ओढला आणि दिव्यांबरोबर सगळं पाताळ कामाला लागलं. दिवे आणि पुतळे एकाच तारेवर आहेत! मी दहाला येतो, त्यामुळे सहा वर्षांत हे मला माहीतच नव्हतं. दालन झाडता यावं म्हणून दिवे लागतात, आणि त्यापायी राजा तीन तास, एकशे वीस फेऱ्या, रिकाम्या दालनात मारतो.

मावशी आल्या. "दादा? आज एवढ्या लवकर?"

म्हटलं, पाळत ठेवतोय. त्यांनी बादली खाली ठेवली. टेकडीच्या पायथ्याची फरशी पुसली. धोंडा आपटला, पांढरी भुकटी उडाली आणि पुसलेल्या फरशीवर बसली. त्यांनी पुन्हा पुसली. धोंडा पुन्हा आपटला. सात वेळा तीच फरशी. मी मोजलं, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. मध्येच माझ्याकडे बघायच्या, मग धोंड्याकडे. स्टूल मागायचं असणार. मी नजर चुकवली.

साडेनऊ झाले तरी पायथा पुसून झाला नव्हता. वरून ठेकेदाराचा मुकादम ओरडला, "दुसरा मजला काय उद्या करणार?" त्या बादली घेऊन पळाल्या.

एकही समाजकंटक आला नाही. दिवस फुकट.

गुरुवार, १३ मार्च

रंगाऱ्यांनी शिडी परत केली, पायापासून डोक्यापर्यंत पिवळी. म्हटलं, आता स्टूल देऊन टाकू. आणि देतोच आहोत तर तिकिटांची घडी काढून घेऊ. स्टूल पालथं केलं. बाकावर रबराचे दोन अर्धे तुकडे पुरावा म्हणून ठेवले होते. ते एकमेकांना लावले. गोल झाला. चौथ्या पायावर ठेवला.

बसला.

मला ती फरशी आठवत होती.

मावशी जिन्यापाशी फडकं पिळत होत्या. मी तुकडे पुढे केले.

"साहेबांना सांगितलंत?" त्यांनी विचारलं.

"अजून नाही."

"मी काढून ठेवायची हो, दहाच्या आत. गेल्या आठवड्यापासून साडेनवाला वर पळवतात, मग राहून जातं."

"पण असं करायचं कशाला?"

"कशाला म्हणजे? मी पुसते आणि तो वरून पीठ टाकतो. मी पुसते, तो टाकतो. बघायला एक माणूस नाही. म्हटलं, माझं होईस्तोवर तूपण बस बाबा."

"मला सांगायचं होतंत."

"सांगितलं होतं. मागे एकदा. दादा, धोंड्याचं पीठ पडतं म्हटलं. तुम्ही म्हणालात, मावशी, त्याला प्लास्टर म्हणतात."

मला हे आठवत नाही. पण वाक्य माझंच वाटतं.

मग त्यांनी विचारलं, "आता माझं नाव देणार का? आमच्यात तीन शेरे झाले की काम सुटतं. माझे दोन झालेत."

"कशाबद्दल?"

"एक उशिराचा, परवाचा. एक बादलीचा. वर उभं राहून राहून बूड चेपलं तिचं."

हे सांगताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

शुक्रवार, १४ मार्च

दिवसभर अहवाल लिहितो आहे. इतकी वाईट भाषा मी शाळेनंतर लिहिली नव्हती. "घर्षण" लिहिलं, खोडलं. "अज्ञात कारण" लिहिलं, खोडलं. साहेबांना नाव हवं आहे आणि ते हवं असं मीच लिहून दिलं आहे, ठसठशीत अक्षरांत.

अठ्ठ्याहत्तर किलोंचं उत्तर मात्र मिळालं. राजाला इतक्या हजार वर्षांत जे जमलं नाही ते मावशींनी सुपलीने केलं: एक धोंडा कायमचा खाली नेऊन टाकला. फलक राजाच्या नावाचा आहे.

संध्याकाळी हिला सगळं सांगितलं. ओट्यापाशी उभा राहून सांगितलं, आणि सांगता सांगता फडकं हातात घेतलं. माझ्या पुसण्यावर तिने नंतर एक हात फिरवला. मग विचारलं, "लोक खरंच अकरा मिनिटं थांबले?"

"घड्याळ लावून."

"मग तुम्हीच थांबवा की त्याला. रबर तर आहेच."

"किती वेळ?"

"गरम चहा प्यायला लागतो तेवढा. बसून."

शनिवार, १५ मार्च

साहेबांनी अहवाल वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला.

"समाजकंटक तुम्हीच?"

"हो. विश्रांतीचा प्रयोग चालू होता."

"आणि तक्रार?"

"तीही माझीच."

"स्वतःविरुद्ध?"

"निःपक्षपातीपणे."

साहेबांनी मला मूर्ख समजावं की आजारी, हे ठरवायला थोडा वेळ घेतला. मग म्हणाले, "हे अकरा मिनिटांचं खरं असेल तर अठराला दाखवा. फसलं तर एकोणिसाला तळघर. पडदा आला काय, न आला काय."

वाटेत मावशींना सांगितलं की नाव दिलं. त्यांच्या हातातला झाडू थांबला. "कोणाचं?" म्हटलं, माझं. त्या म्हणाल्या, "तुम्ही तर दहाला येता." मग पुढचं झाडायला लागल्या.

सोमवार, १७ मार्च

आज संग्रहालय बंद. सुट्टीच्या दिवशी कामाला निघालो तर हिने डबा हातात दिला.

दिवे आणि पुतळे वेगळे केले. पुतळ्यांना आता स्वतंत्र खटका. टेकडीच्या पायथ्याला, लोकांना दिसणार नाही अशी, ताडपत्रीची खोळ ताणली. भुकटी तिच्यात पडेल. माथ्यावर एक छोटा लोखंडी हात बसवला आणि त्याच्या टोकाला रबराचा एक अर्धा तुकडा. दर दहाव्या फेरीला हात पुढे येतो, धोंडा चार मिनिटं टेकतो. नवं रबर कपाटात होतं. पण धोंड्याला या तुकड्याची सवय आहे.

मंगळवार, १८ मार्च

समितीत तिघं. अध्यक्षबाई, एक सतत फोनकडे बघणारे गृहस्थ, आणि पडदा विकणाऱ्यांचं माहितीपत्रक घडी करून खिशात ठेवलेले एक सभासद. टँटलसपुढे त्यांनी दहा सेकंद दिली. बहिणींना पाच.

राजासमोर आले तेव्हा नववी फेरी चालू होती. धोंडा पडला. फोनवाले गृहस्थ निघालेच होते. दहावी फेरी सुरू झाली, धोंडा वर पोचला, आणि थांबला.

पाठांतरबाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. सहा वर्षांत मी त्यांना एवढं चांगलं बोलताना ऐकलं नाही.

"बिघडला का?" माहितीपत्रकवाल्यांनी विचारलं.

"सांगता येत नाही," पाठांतरबाई म्हणाल्या.

"पडणार कधी?"

"तुम्हाला काय वाटतं?"

एक मिनिट गेलं. साहेबांच्या कपाळावर घाम. फोनवाल्यांनी फोन खिशात ठेवला. "ढाळ बघा," ते म्हणाले, "टिकणं शक्य नाही."

"टिकलाय तर," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"पाहू या की थोडं."

दाराशी मावशी उभ्या होत्या, हातात फडकं. दालन उघडल्यावरचं पाताळ त्या बहुधा पहिल्यांदाच बघत होत्या. तिसरं मिनिट. कोणी हललं नाही. अध्यक्षबाईंनी एक पाय दुसऱ्या पायावर टेकवला, घरच्यासारखा. मी तळघराचा विचार करत होतो. तिथे ओल आहे, पण ढकलायला काही नाही.

चार मिनिटांनी धोंडा सुटला. सगळ्यांच्या तोंडून एकदमच "अरे" निघालं, हळू, ओळखीच्या माणसाचं काही सांडावं तसं. मावशींचा फडक्याचा हात आपोआप पुढे आला. भुकटी खोळीत गेली. फरशी काळीच राहिली. त्यांनी हात मागे घेतला आणि तो कुठे ठेवावा हे त्यांना थोडा वेळ कळेना.

"ही थांबायची कल्पना कोणाची?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"आमची," साहेब म्हणाले.

मी गप्प बसलो. ही घटना वेगळी नोंदवून ठेवावी अशी आहे.

निर्णय: पुतळे वर्षभर राहू द्या, मग बघू. पुढच्या मार्चमध्ये पुन्हा समिती.

बुधवार, १९ मार्च

आज सातला गेलो. पाताळ अंधारात नव्हतं, दिवे होते; पण सगळे आपापल्या जागी उभे, पाणी स्थिर, गाढवाच्या तोंडात दोर तसाच. मावशी पायथा एकदाच पुसून वर गेल्या होत्या.

स्टुलाचे चारही पाय घासले, तीन जुने बूट धुतले, चौथ्याला नवा घातला. जुन्याचा अर्धा राजाकडे कामाला आहे, उरलेला अर्धा माझ्या खणात. बादलीचं बूड आतून ठोकून सरळ केलं आणि दोन्ही त्यांच्या कपाटापाशी ठेवलं. चिठ्ठी लिहावीशी वाटली. दोन चांगली वाक्यं सुचलीही होती, त्यातलं एक तर फारच चांगलं. लिहिलं नाही.

स्टुलावर एकदा उभा राहून पाहिलं. डुगडुगत नाही.